सतरा नंबरच्या रासकरबाई

रासकरबाईंच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. दोन्ही बाजूंनी टोक केलेली. एक टोक बोथट झालं की ती अंबाड्यातल्या अंबाड्यात उलटी व्हायची आणि काम पुढे चालू राहायचं. शिरूरच्या बाजारात त्यांना पाठमोरं पाहणाऱ्याला वाटे, हा काहीतरी जुन्या पद्धतीचा आकडा असावा. जवळ गेलं की कळे, लाल-काळ्या पट्ट्यांची साधी पेन्सिल आहे. खोडरबर मात्र त्यांच्याकडे मी कधीच पाहिलं नाही. ते बाई मुलांकडून मागून घ्यायच्या, आणि परत द्यायला विसरायच्या.

नगरपालिकेच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. ती नोकरी. संध्याकाळी पाच ते सात त्याच शाळेच्या मागच्या खोलीत त्या जे करायच्या, ते त्यांचं खरं काम होतं. दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांना एक अर्ज भरावा लागतो. त्याला सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. त्या फॉर्मवाल्यांसाठी बाईंनी नगरपालिकेकडून खोली, दोन ट्यूबलाइट आणि एक फळा मागून घेतला होता. फी नव्हती. गावात त्या वर्गाला ‘सतरा नंबर’ म्हणत आणि तिथे जाणाऱ्यांना ‘सतरा नंबरी’. हे कौतुकानं म्हटलेलं नसायचं. शाळेतून काढलेली, नापास होऊन घरी बसलेली, शिक्रापूरच्या कारखान्यात वय वाढवून कामाला लागलेली मुलं तिथे यायची. आणि आणखी काही यायची, ज्यांना शाळेतून कुणी काढलेलं नव्हतं, पण ज्यांना शाळेत थांबणं अशक्य झालेलं होतं. त्यांच्याबद्दल गावाकडे शिव्या तेवढ्या होत्या.

मी दौंडची. वडील रेल्वेत गार्ड. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली आणि कॉलेजसाठी मी शिरूरला मावशीकडे राहायला आले. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वर्गाला इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवंय असं मावशीनं ऐकलं आणि मला न विचारता माझं नाव सांगून आली. मी कमी बोलायची. लोकांना तो गर्व वाटायचा. खरं तर मला मराठीत बोलताना आकडे अडायचे, आणि काही गोष्टी कुठल्याच भाषेत बोलायच्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून काहीतरी आभाराचं वाक्य जुळवत होते. बाई म्हणाल्या, “आधी बस. मग बोल.”

हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. नगरसेवक आला तरी, रडत आलेली आई आली तरी. बसल्याशिवाय त्या कुणाचं ऐकून घेत नसत. उभा माणूस भांडायला आलेला असतो, असं त्यांचं मत होतं.

मी कुठे बसावं ते कळेना, कारण वर्गात मुलींची एक बाजू आणि मुलांची एक बाजू असं काही दिसत नव्हतं. बाईंनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. “हितं बाजू न्हाई. कुठं बसायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. दौंडवाले, तुला कुठं बसायचंय?” मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी त्यांची ‘दौंडवाली’ झाले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

त्यांच्याकडे दोन हजेऱ्या होत्या. एक शाईची, नगरपालिकेला दाखवायची. तिच्यात रिवाजाप्रमाणे आधी मुलगे, मग मुली. दुसरी शंभर पानी वही, पेन्सिलीची. नवीन कुणी आलं की बाई ती वही त्याच्यापुढे ठेवायच्या आणि स्वतः फळा पुसायला निघून जायच्या. ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या हातानं, हव्या त्या ओळीवर, हव्या त्या रूपात लिहायचं. पेन्सिलीनंच. कुणी चार महिन्यांनी बदललं तरी चालायचं. बाई रोज ती वही वाचून हजेरी घ्यायच्या आणि जसं लिहिलंय तसं हाक मारायच्या, त्यात त्यांची कधी चूक झाली नाही. एका मुलानं चेष्टेनं स्वतःपुढे ‘श्रीमंत’ लिहिलं. त्याला त्यांनी वर्षभर न हसता ‘श्रीमंत गोरख’ म्हणून हाक मारली. तो जूनमध्ये कंटाळून ते खोडायला आला, तेव्हा बाईंकडे खोडरबर नव्हतं.

मागच्या बाकावर दोन मुली बसायच्या. त्यांना वेगळं बसवण्यासाठी त्यांच्या आधीच्या शाळेनं पुष्कळ कष्ट घेतले होते, शेवटी घरी चिठ्ठी गेली होती आणि दोघींची शाळा सुटली होती. आमच्या वर्गातला बाक त्यांना अरुंद पडतो हे पाहून बाईंनी शिपायाकरवी कोठीतला रुंद बाक आणून घेतला. एवढंच. मी खिडकीपाशी बसून त्या बाकाकडे बरेच दिवस पाहत होते. माझ्याजवळ त्या मुलींसाठी डिक्शनरीतला इंग्रजी शब्द होता. बाईंजवळ तो नव्हता, त्यांच्याजवळ बाक होता.

बाई गोड नव्हत्या, हे सांगायला हवं. त्या कुणाला शाबासकी देत नसत. फार तर “हं, जमतंय” म्हणायच्या. गणित सोडून बाकी विषय वेळ घालवायला काढलेत असं त्या उघड म्हणायच्या आणि माझा इंग्रजीचा तास खुशाल कापायच्या. त्यांच्याकडे जुनी लुना होती. ती थांबवताना ब्रेक न दाबता त्या दोन्ही पाय जमिनीवर घासत आणायच्या. वर्षाला चपलांचे तीन जोड जात. नवऱ्याची तळेगाव ढमढेऱ्याला फुलांची शेती होती. शनिवारी दुपारी बाई तिकडे जायच्या आणि सोमवारी येताना मोडक्या दांड्यांची गुलछडी घेऊन यायच्या. ती बाजारात विकली जात नसे, म्हणून फळ्याखालच्या डब्यात ठेवलेली असे. सोमवारचं बीजगणित त्या वासात व्हायचं.

त्या वर्षी वर्गात माणिक हाके आली.

न्हावऱ्याच्या पुढच्या वस्तीवरची. वय सोळा. दाखल्यावर मुलगा. आई-वडील एकेकाळी मेंढरं घेऊन फिरणारे, आता दोन एकर भिजतं रान करून राहिलेले. नववीत शाळेच्या मुतारीत चार पोरांनी तिला धरून विजार काढायला लावली, तेव्हापासून ती शाळेत गेली नव्हती. हे तिनं सांगितलं नाही. शाळेचा दाखला आणायला बाई गेल्या तेव्हा तिथल्या शिपायानं हसत सांगितलं आणि बाईंनी येऊन मला सांगितलं, फार हळू आवाजात. नाव बदलायची तिला गरज वाटली नाही, माणिक बाईचंही असतं, पुरुषाचंही. तिनं पेन्सिलीच्या वहीत शेवटच्या मुलीच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि आमच्याकडे न बघता वही मिटली. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, “माणिक आली का?” ती म्हणाली, “आले.” त्या दिवसापासून बाई तिला ‘ती’ म्हणायच्या. मीही म्हणते.

तिच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या खाली एक पिवळी क्लिप असायची. वर्गात आली की ती केसांना लावायची, सात वाजता काढून पुन्हा पेटीत. एसटीनं घरी जाताना केस मोकळे, शर्टाची वरची गुंडी बंद, मान खाली.

गणित तिला असं यायचं की बाई अस्वस्थ व्हायच्या. आपल्याआधी कुणी उत्तर काढलेलं त्यांना सहन होत नसे. मला ती आकडे शिकवायची. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. मी चुकले की ती तोंडावर वही धरून हसायची.

वर्गात दिलीप नावाचा ट्रकवर क्लीनर असलेला मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत मोठा. एकदा बाई येण्याआधी तो माणिकची चाल करून दाखवत होता. कमरेवर हात, मान वाकडी. पोरं हसत होती. बाई दारात येऊन किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. आता मारतील असं मला वाटलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “बरी करतोस नक्कल. चालीची जमली. आता तिच्या गणिताची कर.”

त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. दिलीप घामाघूम झाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाई शेंगा सोलत बसल्या. कुणीच हसत नव्हतं. शेवटी माणिक उठली, त्याच्या हातातून खडू घेतला आणि पहिली ओळ लिहून खडू परत त्याच्या हातात दिला. पुढची ओळ त्यानं लिहिली. मग तिनं. असं करत उत्तर आलं. बाई म्हणाल्या, “हं, जमतंय,” आणि ते दोघांपैकी कुणाला, हे सांगितलं नाही. पुढे महिनाभर दिलीप गणिताला माणिकच्या शेजारी बसला. कुठं बसायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी माणिकचे वडील आले. किसन हाके. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला मुंडासं, दारातूनच बोलायला लागले. बाई म्हणाल्या, “आबा, आधी बसा. मग बोला.” ते बाकावर बसले, गुडघे बाकाच्या वर आले. पोराला न्यायला आले होते. भावकी बोलत होती. कुणी म्हणत होतं, देवीला सोडा, कुणी म्हणत होतं, लग्न लावा, ताळ्यावर येईल. मामाचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, मेंढरं घेऊन चार दिवसांत कोकणाच्या वाटेला लागणार होता, त्यांच्यासंगं आठ महिने धाडायचं ठरलं होतं.

“पोरगं माझं वाईट न्हाई, बाई,” ते म्हणाले. “पर त्याला वळण न्हाई.”

“आबा, तुम्हाला पोर पाहिजे का वळण?”

आबांनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. माणिक मागे भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिची गणिताची वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानभर लाल बरोबरची खूण कशाला करतात ते कुणालाही कळतं. ते पानं उलटत गेले. शेवटी म्हणाले, “एक डाव. मार्चात दहावी झालं तर म्होरं बघू. न्हाई झालं, पेपर हुकला, नापास झालं, तर मंग मी सांगंल तसं. मंग तुम्ही मधी पडायचं न्हाई.”

बाई म्हणाल्या, “न्हाई पडणार.”

म्हणजे माणिकला एकच परीक्षा होती. त्या दिवसानंतर बाईंनी माझा इंग्रजीचा तास कापणं बंद केलं. इंग्रजीत माणिक कच्ची होती.

फॉर्म भरण्यात बाईंचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. बोर्डातून त्यांचा एकही फॉर्म परत आलेला नव्हता, आणि हे त्या स्वतःच वर्षातून दहा वेळा सांगायच्या. त्या वर्षी तेवीस मुलांचे फॉर्म त्यांनी एका बैठकीत भरले. दाखले न बघता, आठवणीतून, चष्मा नीट करत, शाईच्या पेनानं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना हॉल तिकिटं आली. बाई नावं पुकारून वाटत होत्या. माणिकनं आपलं घेतलं, वाचलं आणि जागेवर जाऊन बसली. मग पुन्हा वाचलं. मी खिडकीपाशी बसून पाहत होते. तिनं ते कंपासपेटीत ठेवलं, क्लिपच्या जागी. सात वाजून गेले तरी उठेना. बाईंनी विचारलं तेव्हा तिनं पेटी उघडून पुढे केली.

फोटो तिचा, नाव तिचं, सही तिची. आणि त्याखाली छापलेलं होतं : स्त्री.

बाई खुर्चीवर बसल्या. पेन्सिलीची हजेरी वर्षभर रोज वाचणाऱ्या बाईनं आठवणीतून फॉर्म भरले होते, आणि माणिकच्या फॉर्मवर हातानं आपोआप त्या चौकटीत खूण केली होती. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. दुसरं कुणी तिला तसं ओळखतच नव्हतं.

“चूक माझी हाय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

माणिक म्हणाली, “राहू द्या की बाई.”

बाईंनी तिला समजावलं, आवाज न चढवता. डमी बसवायचे प्रकार तेव्हा सर्रास व्हायचे आणि तपासणीही तशीच कडक असायची. मुलींना बाया तपासायच्या, मुलांना पुरुष. दाखल्यावर मुलगा, तिकिटावर मुलगी असं कुणाच्या लक्षात आलं तर पहिल्याच पेपरला बाहेर काढतील, वर पोलीस केस. आणि मग मार्चात दहावी झालीच नाही. पुढे काय, ते तिघींनाही माहीत होतं. बोर्डाला दुरुस्तीचं पत्र टाकता येईल, पण नऊ दिवसांत उत्तर येणं कठीण.

“एवढा एकच कागद हाय माझ्याकडं,” माणिक म्हणाली. “ह्यावर बरोबर लिवलंय.”

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितली, परत खोचली. मग म्हणाल्या, “ठीक. पण चोरून बसायचं न्हाई. सांगून बसायचं. उद्या केंद्रावर जाऊ. मी माझी चूक सांगते. त्यांनी न्हाई म्हटलं तर लाल शाईनं दुरुस्त करायचं, आन् तू मुलांच्या रांगेतनं जाऊन पेपर लिवायचा. कबूल हाय का?”

माणिकनं पेटीचं झाकण लावलं. मग ती म्हणाली, “कबूल.”

रात्रभर मला राग आला होता. गप्प राहिलं असतं तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गप्प राहून निभावण्यावर माझा तेव्हा फार विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले, कारण अर्ज मी लिहिला होता आणि माझं मराठी अक्षर बाईंपेक्षा बरं होतं. केंद्रसंचालक एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. बदामी सफारी, टेबलावर काचेखाली सगळी परिपत्रकं. त्यांची ख्याती अशी होती की परीक्षेच्या काळात ते स्वतःच्या बायकोलाही ओळखपत्र मागतात. बाई बसल्या आणि सगळं सांगितलं. फॉर्म मी भरला, चूक माझ्या हातून झाली, दाखल्यावर असं आहे, तिकिटावर असं आहे, ती मुलगी ही. ‘मुलगी’ हाच शब्द त्यांनी वापरला, त्या खुर्चीसमोर. शिक्षा असेल तर मला करा, पण हिचा पेपर बुडू देऊ नका.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. तिकीट हातात घेतलं. फोटो पाहिला, माणिकला पाहिलं. कोरा कागद पुढे करून सही करायला लावली, ती तिकिटावरच्या सहीशी ताडून पाहिली. मग कपाटातून बोर्डाची यादी काढली आणि तिच्यावर पट्टी ठेवून ओळ शोधली.

“यादीत स्त्री आहे,” ते म्हणाले.

“व्हय सर, तेच म्हणतेय मी. ती चूक—”

“बाई, बोर्डाचं दुरुस्तीचं पत्र आहे का तुमच्याकडे?”

“टाकलंय सकाळीच. उत्तर यायचंय.”

“मग उत्तर येईपर्यंत यादी हीच. यादीत स्त्री आहे तर मी स्त्री म्हणून बसवणार. मुलींच्या ब्लॉकला, मुलींच्या रांगेतून, तपासायला बाई. फोटो जुळतो, सही जुळते, माणूस तोच. डमी नाही. तुमचा अर्ज मी फाइलला लावतो.” त्यांनी काच सरळ केली. “बोर्डाच्या यादीत मी माझ्या मनानं फेरफार करायचे, असं तुमचं म्हणणं आहे का?”

बाई न भांडता उठल्या. हेही मी पहिल्यांदाच पाहिलं. माणसाला न विचारता केवळ कागद पाहणाऱ्या लोकांना त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या, आणि आज त्यांतलाच एक जण कागद पाहून आमच्या बाजूनं उभा होता, तेही आपण कुणाच्या बाजूनं आहोत याची त्याला काही पडलेली नसताना. बाहेर आल्यावर बाई लुनाला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. माणिक हसत नव्हती. ती तिकीट दोन्ही हातांत धरून उभी होती, ओलं असल्यासारखं.

पहिल्या पेपरला किसनआबा आले होते. फाटकाबाहेर गर्दी, शेवटचं पाठांतर करणारी मुलं, पालक. बाईंनी त्यांनाही सगळं आधीच सांगून टाकलं होतं, वस्तीवर जाऊन. सांगून बसायचं म्हणजे त्यांनाही सांगून. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण ते आले होते आणि फडक्यात भाकरी बांधून आणली होती.

आत सोडायची वेळ झाली. दोन रांगा लागल्या. माणिकनं कंपासपेटी उघडली, क्लिप काढली, आणि पहिल्यांदाच, उजेडात, शंभर माणसांत, बापासमोर केसांना लावली. क्लिप नीट बसेना. किसनआबांनी पाहिलं. मान फिरवून रस्त्याकडे बघितलं. एक ट्रक जाईपर्यंत तिकडेच बघत राहिले. मग वळून म्हणाले, “नीट बसली का? सुटंल बघ. पेपरात ध्यान जाईल त्यात.”

“बसली,” माणिक म्हणाली, आणि मुलींच्या रांगेत गेली.

तपासणाऱ्या बाईंनी पेटी उघडून पाहिली, पट्टी उलटी केली, पुढे सोडलं. रासकरबाई फाटकाबाहेर तीन तास उभ्या होत्या. बसल्या नाहीत. सगळ्या पेपरांना तशाच.

बोर्डाचं उत्तर परीक्षेनंतर आलं, दुरुस्तीही झाली, आणि कागदावर माणिक पुन्हा जुन्या जागी गेली. पण सगळे पेपर तिनं आपल्या जागेवर बसून लिहिले होते. गणितात दीडशेपैकी एकशे एकोणचाळीस. हा आकडा मला मराठीत न अडखळता म्हणता येतो. किसनआबा पेढे घेऊन वर्गात आले आणि सांगण्याआधीच बाकावर बसले. त्यांना पुढचं सांगायला बाईंना फार बोलावं लागलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी सतरा नंबरला शिकवलं, मग नोकरीला पुण्याला गेले. बाई निवृत्त झाल्या. वर्ग त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं पुढे चालवला, ती रुंद बाकावरची. माणिकनं बाहेरूनच पुढचं शिक्षण केलं आणि दौंडला आठवी-नववीचे गणिताचे क्लास सुरू केले. आता ती पंजाबी ड्रेस घालायची, केस लांब होते. मुलं तिला माणिकताई म्हणायची. सुरुवातीला आयाबाया कुजबुजल्या, मग पहिल्या चाचणीचे मार्क आले आणि कुजबुज कमी झाली. बाई दर शनिवारी तिथे भूमिती शिकवायला जायच्या. आमंत्रण नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

अशाच एका शनिवारी त्या दोघी मला शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटल्या. मी मावशीला भेटून पुण्याला निघाले होते, त्या दौंडला. बाई थकल्या होत्या, अंबाडा पांढरा आणि लिंबाएवढा झाला होता, पेन्सिल त्यात जेमतेम तग धरून होती. माझ्या लग्नाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. बाकी सगळे तेच विचारत. त्यांनी बाकावर थोडं सरकून जागा केली. मी बसले. आणि सात वर्षं जुळवलेली वाक्यं सोडून देऊन म्हणाले, “बाई, मी एका मुलीबरोबर राहते. कायमची.”

बाई शेंगा सोलत होत्या. एक मूठ माझ्या हातात दिली.

“घरी सांगितलंस?”

“नाही.”

“घाई न्हाई. पण सांगून ऱ्हा.” मग थोड्या वेळानं, “तिला गुलछडी आवडती का?”

मी म्हटलं, विचारून सांगते. माणिकनं तोंडावर ओढणी धरली होती. ती हसत होती, मी आकडे चुकल्यावर हसायची तशीच.

दौंडची गाडी लागली. त्या दोघी चढल्या आणि उजव्या बाजूच्या, स्त्रियांसाठी राखीव लिहिलेल्या सीटवर बसल्या. बाई खिडकीशी. माझी गाडी समोरच उभी होती, म्हणून मला त्या खिडकीतून दिसत राहिल्या. गाडी सुटायच्या आतच बाईंचा डोळा लागला. मान कलंडून माणिकच्या खांद्यावर आली, तोंड उघडं. पेन्सिलीचं टोक माणिकच्या गळ्याला टोचत असणार. तिनं एका हातानं बाईंचं डोकं तोललं, दुसऱ्यानं ती पेन्सिल अलगद ओढून काढली आणि स्वतःच्या केसांत खोचली. कंडक्टर आला. तिनं त्याला बोटांनी खूण केली, दोन दौंड, आणि हळू, बाई झोपल्यात.